फुटबॉल बदनाम का? – गर्दीच्या हिंसेचा एक छोटासा अभ्यास

मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारते. ‘क्रिकेटचे प्रेक्षक’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गालावर तिरंगा रंगवलेली पोरं, मेक्सिकन वेव्ह आणि भोंगे. ‘फुटबॉलचे प्रेक्षक’ म्हटलं की? दगड, जळणाऱ्या खुर्च्या आणि लाठीमार! असं का व्हावं? दोन्हीकडे माणसं तीच, तिकिटाची रांग तीच, आरडाओरडाही तोच. मग एका खेळाला ‘जंटलमन’चा शिक्का आणि दुसऱ्याला ‘हुल्लडबाजां’चा, हा काय न्याय?

आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यात फुटबॉलपेक्षा टेनिस बॉल क्रिकेटच्या टुर्नामेंट आणि कबड्डी जास्त. वसईकडच्या गावांमध्ये मात्र फुटबॉल जुना आहे, आणि हॉस्टेलवर तर वर्ल्ड कप आला की अभ्यास बंदच! म्हणजे विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. शिवाय इंटर-ब्रँच फायनल जवळ आली की दरवर्षी एक वाक्य कुठून तरी ऐकू येतंच, ‘फुटबॉल ठेवू नका, मारामाऱ्या होतात.’ हे वाक्य खरं आहे का? थोडं खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. आणि जे अर्धं खरं असतं त्याचा नीट अभ्यास करावा लागतो, नाहीतर औषध चुकीच्या रोगावर दिलं जातं. म्हणून हा लेख.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू

फुटबॉलच्या मैदानावरचे मृत्यू म्हटलं की आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. खरं तर त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे मारामारी. एका संघाच्या समर्थकांनी दुसऱ्यांवर धावून जाणं, दगडफेक, मोडतोड. दुसरी म्हणजे चेंगराचेंगरी. माणसं दाटीत सापडून, श्वास कोंडून मरणं. पहिलीत कुणाचा तरी हात असतो. दुसरीत बहुतेक वेळा कुणी कुणाला मारलेलं नसतं. मारते ती जागा, ते बंद दार आणि तो ढिसाळ कारभार.

काही उदाहरणं बघू.

१९६४ साली २४ मे रोजी पेरू देशातल्या लिमा शहरात पेरू विरुद्ध अर्जेंटिना सामना होता. पेरूचा एक गोल पंचांनी नाकारला, लोक भडकले, काहीजण मैदानात उतरले आणि पोलिसांनी प्रेक्षकांत अश्रुधूर सोडला. घाबरलेली माणसं जिन्यावरून खाली धावली, तर खालची लोखंडी दारं बंद! ३०० हून अधिक माणसं गेली.

१९८५ साली २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस ही युरोपियन कपची फायनल. सामना सुरू व्हायच्या आधीच लिव्हरपूलचे समर्थक शेजारच्या इटालियन प्रेक्षकांवर धावून गेले. ते मागे सरकत भिंतीपाशी दाबले गेले आणि जुनी, जीर्ण भिंत कोसळली. ३९ माणसं मेली. इंग्लंडच्या सगळ्या क्लबांवर युरोपात ५ वर्षं बंदी आली आणि लिव्हरपूलवर त्याहून एक वर्ष जास्त.

२०२२ साली १ ऑक्टोबरला इंडोनेशियातल्या मलंगमध्ये अरेमा संघ घरच्या मैदानावर २-३ असा हरला. काही प्रेक्षक मैदानात आले, पोलिसांनी गॅलरीवरच अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दारांकडे धावले. १३५ मृत्यू. आता यातली गंमत म्हणावी की शोकांतिका, पण प्रतिस्पर्धी पर्सेबाया संघाच्या समर्थकांना त्या दिवशी मैदानात प्रवेशच दिलेला नव्हता. म्हणजे मारामारी करायला समोर कुणी नव्हतंच! तरी दुसऱ्या दिवशी जगभर बातमी काय झाली? ‘फुटबॉल दंगलीत शंभराहून अधिक ठार.’

लक्षात येतंय ना? हेसेलमध्ये मारामारी आणि चेंगराचेंगरी दोन्ही होतं. लिमा आणि मलंगमध्ये ठिणगी प्रेक्षकांची होती, पण जीव घेतले ते धुराने आणि दारांनी.

आपल्या घरचा फुटबॉल : कोल्हापूर

परदेशातलं झालं. आपल्या महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड बघायचं तर कोल्हापूरलाच जायला हवं. तिथे गल्लीत फुटबॉल आहे, रक्तात फुटबॉल आहे. वर्ल्ड कप आला की ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे पेठांमधून फडकतात, खेळाडूंचे मोठमोठे कटआउट उभे राहतात. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आपल्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

या फुटबॉलची रचना समजून घेतली तर आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. तिथल्या संघांची नावं बघा : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा! राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं आणि पेठापेठांत तालमी फुलल्या. तालीम म्हणजे नुसता व्यायाम नव्हे. गणपती तालमीचा, सणसमारंभ तालमीचा, भांडण मिटवायचं तरी तालमीतच. पुढे याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं केएसए, या संघांची लीग भरवते. सामने शाहू स्टेडियमवर होतात आणि एका स्थानिक सामन्याला हजारो माणसं लोटतात. आपल्या देशात किती गावांच्या स्थानिक लीगला हे भाग्य आहे?

पण म्हणूनच तिथे संघ हरला म्हणजे नुसते अकरा खेळाडू हरत नाहीत. आख्खी पेठ हरते. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली ईर्षा तर सगळ्या कोल्हापूरला ठाऊक. आणि हरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिंकलेल्यांच्याच चौकातून कामाला जायचं असतं! मुंबई इंडियन्स हरली तर चेन्नईचा माणूस आपल्या गल्लीत येऊन चिडवत नाही. इथे चिडवणारा दोन गल्ल्यांवर राहतो. मग सामन्यात हुल्लडबाजी, नंतर दगडफेक, वाहनांची मोडतोड, पोलिसांचा बंदोबस्त आणि गुन्हे, अशा बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांत वारंवार येत राहिल्या आहेत. असोसिएशनलाही सामने थांबवणं, संघांना ताकीद देणं हे उपाय करावे लागले आहेत.

पण याच नाण्याची दुसरी बाजू बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर पाण्याखाली होतं, तेव्हा तालमी-मंडळांचीच पोरं मदतीला उतरली. ज्या ‘आपली पेठ’ या भावनेने दगड उचलला जातो, त्याच भावनेने दोरी आणि नावही उचलली जाते. हा मुद्दा मनात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

फुटबॉलच का? क्रिकेट का नाही?

पहिलं म्हणजे क्रिकेट काही धुतल्या तांदळासारखं नाही. १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीत वेंकटराघवनला बाद दिल्यावर प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि जाळपोळ केली. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर वर्ल्ड कपच्या सेमी फायनलमध्ये आपण हरायला लागलो तेव्हा लोकांनी गॅलरीत आगी लावल्या, बाटल्या फेकल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. ४ जून २०२५ ला बंगळुरूमध्ये तर जिंकल्याच्या आनंदात स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जण गेले. तेव्हा ‘जंटलमन गेम’ची टिमकी जरा हळू वाजवूया.

तरीही फुटबॉलमध्ये हे प्रकार जास्त होतात हे मान्य करावं लागेल. त्याची कारणं खेळाच्या रचनेत आणि इतिहासात आहेत.

एक, गोल कमी. वर्ल्ड कपसारख्या स्पर्धेत एका सामन्यात सरासरी अडीच-पावणेतीन गोल होतात. म्हणजे एक गोल नाकारला किंवा एक पेनल्टी दिली की सामन्याचा निकालच फिरतो. क्रिकेटमध्ये एक चुकीचा एलबीडब्ल्यू तीनशे धावांच्या ढिगात बुडून जातो. बास्केटबॉलमध्ये एका बास्केटची कुणी आठवणही ठेवत नाही. फुटबॉलमध्ये पंचाच्या एका शिट्टीचं वजन फार जास्त. राग साठायला एवढं पुरतं.

दोन, विश्रांती नाही. क्रिकेटमध्ये दर ओव्हरला श्वास घ्यायला वेळ मिळतो, माणूस शेंगदाणे खातो, शेजाऱ्याशी वाद घालतो. फुटबॉलमध्ये ४५-४५ मिनिटं ताण चढतच जातो. प्रेशर कुकरला शिट्टीच नाही, मग काय होणार!

तीन, पाहुणे समर्थक. युरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, गावं जवळजवळ आणि रेल्वे जुनी. त्यामुळे हजारो लोक आपल्या संघाबरोबर दुसऱ्या गावी जायचे. दोन मोठे गट एकाच दिवशी, एकाच स्टेशनवर, एकाच रस्त्यावर समोरासमोर. भारतीय क्रिकेटमध्ये हे क्वचितच घडतं. सामना मुंबईत असला तर बहुतेक गॅलरी मुंबईचीच असते.

चार, हा कामगारांचा खेळ. गिरण्या, गोद्या, खाणी, कारखाने यांच्या भोवती क्लब वाढले. स्वस्त तिकीट, उभं राहायच्या पायऱ्या, जुनाट मैदानं. प्रेक्षकांना पाहुणा म्हणून नाही, तर धोका म्हणून वागवायचं, पिंजऱ्यात कोंडायचं, ही सवय १९७०-८० च्या दशकात इंग्लंडमध्ये रुजली. ज्याला जनावरासारखं वागवाल तो कधीतरी शिंगं उगारणारच.

पाच, खेळाला चिकटलेलं दुसरं काहीतरी. बऱ्याचदा दोन क्लबांच्या मागे धर्म, स्थलांतर किंवा राजकारण असतं. कोलकात्याचं बघा. मोहन बागान हा तिथल्या मूळ रहिवाशांचा, तर ईस्ट बंगाल हा पूर्व बंगालमधून आलेल्यांचा. फाळणीनंतर लाखो निर्वासित आले आणि त्यांच्यासाठी हा क्लब म्हणजे सुटलेलं गावच झालं. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात गॅलरीत मारामारी पेटली आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक मरण पावले. ९ डिसेंबर २०१२ ला सॉल्ट लेकवर याच दोघांच्या सामन्यात गॅलरीतून आलेला दगड मोहन बागानच्याच रहीम नबीच्या तोंडावर बसला! मध्यंतरानंतर बागानचा संघ खेळायला आला नाही, आधी दोन वर्षांची बंदी आणि मग ती उठवून दोन कोटींचा दंड असं प्रकरण झालं. दगडाला जर्सी ओळखता येत नाही, हेच खरं.

आणि हरल्यामुळेच लोक भडकतात असंही समजू नका. १ फेब्रुवारी २०१२ ला इजिप्तमधल्या पोर्ट सैदमध्ये अल मसरी संघ ३-१ असा जिंकला होता. तरी जिंकलेल्यांचे लोक मैदानात घुसून पाहुण्या अल अहलीच्या समर्थकांवर तुटून पडले. पळणाऱ्यांना बाहेरचं दार बंद मिळालं. ७० हून अधिक तरुण गेले.

‘आपण’ आणि ‘ते’

आता जरा मानसशास्त्र. घाबरू नका, वायव्हा घेणार नाही!

१८९५ साली गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने मांडलं की गर्दीत शिरला की माणूस आपली अक्कल गहाण टाकतो, गर्दीला एकच रानटी मन असतं. ‘गर्दीला डोकं नसतं’ ही आपली समजूतही तीच. पुढच्या संशोधकांनी मात्र हे पूर्णपणे मान्य केलं नाही. गर्दीतला माणूस अक्कल सोडत नाही. तो ‘मी’ सोडून ‘आम्ही’ होतो. आणि ‘आम्ही’ काय करतो यावर सगळं ठरतं.

१९५४ साली अमेरिकेत मुझफर शेरीफ या तुर्की वंशाच्या संशोधकाने एका उन्हाळी शिबिरात ११-१२ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. ‘ईगल्स’ आणि ‘रॅटलर्स’. मुलं आधी एकमेकांना ओळखतही नव्हती, म्हणजे जुनं वैर काहीच नाही. फक्त दोन गटांत स्पर्धा लावल्या, बक्षिसं ठेवली. काही दिवसांतच शिव्या, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी! मग शेरीफने काय केलं? उपदेश नाही केला. दोन्ही गटांना मिळूनच सुटेल अशी कामं दिली. पाण्याची टाकी बिघडली, ट्रक बंद पडला, सगळ्यांनी मिळून दोर ओढायचा. हळूहळू वैर ओसरलं.

हॉस्टेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नकोच. ए विंग आणि बी विंग ही विभागणी रेक्टरनी केवळ खोल्या भरण्यासाठी केलेली असते. सहा महिन्यांत ती ‘खानदान की इज्जत’ होते!

म्हणून गर्दीतली हिंसा ही ‘फुटबॉलची’ नाही. गट, अफवा आणि भीती एकत्र आले की ती कुठेही होते. आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे, १६ एप्रिल २०२० ला चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशा तिघांचा जीव घेतला. तिथे कुठला चेंडू होता? कुठली जर्सी होती? ज्या जिल्ह्याने हे पाहिलं आहे त्याने तरी ‘फुटबॉलमुळे मारामाऱ्या होतात’ असं सोपं उत्तर देऊन मोकळं होऊ नये.

थोडं इंजिनिअरिंग

आता आपल्या प्रांतात येऊ. गर्दीचा अभ्यास करणारे जॉन फ्रुइन हे इंजिनिअर सांगतात की एका चौरस मीटरमध्ये साधारण ७ माणसं झाली की गर्दी माणसांची राहत नाही, ती द्रवासारखी वागायला लागते. मग मागून आलेला रेटा लाटेसारखा पुढे जातो. माणूस ठरवूनही थांबू शकत नाही. पाय जमिनीवरून उचलले जातात. आणि मृत्यू बहुतेक वेळा तुडवल्याने नाही, तर उभ्या-उभ्या छाती दाबली गेल्याने होतो.

इथे कुणीतरी नक्की म्हणेल, ‘मग आमची डहाणू लोकल?’ बरोबर शंका! रेल्वेच्याच भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणजे एका चौरस मीटरला १४ ते १६ उभी माणसं. तरी डब्यात रोज माणसं गुदमरून मरत नाहीत, कारण डबा छोटा आहे. मागून हजारो लोकांचा रेटा साठत नाही, डब्याच्या भिंती तो अडवतात. तीच माणसं जिन्यावर आली आणि मागून गाडीमागून गाडी रिकामी होत राहिली की काय होतं ते २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलाने दाखवलं. २३ माणसं गेली. तिथे ना सामना होता ना समर्थक. होता फक्त अरुंद जिना, पाऊस आणि ऑफिसची वेळ.

आता १५ एप्रिल १९८९ चं शेफिल्डमधलं हिल्सबरो स्टेडियम घ्या. लिव्हरपूलच्या उभ्या प्रेक्षकांसाठी तिकिटं होती सुमारे १०,१०० आणि त्यांना आत सोडणारी फिरती फाटकं होती फक्त ७. ब्रिटनच्या आजच्या मैदान-सुरक्षा मार्गदर्शिकेनुसार एका फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरायची. गणित करा : ७ × ६६० = ४,६२० माणसं तासाला. म्हणजे १०,१०० लोकांना आत जायला दोन तासांहून जास्त लागणार! सामना ३ वाजता, आणि निम्मे लोक अर्थातच शेवटच्या तासात येणार. बाहेर गर्दी तुंबली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाहेर जायचं एक मोठं गेट उघडलं. समोर बोगदा, बोगद्यापलीकडे आधीच भरलेले मधले दोन पिंजरे. बाजूच्या पिंजऱ्यांत जागा होती, पण तिकडे वळवायला कुणी उभं नव्हतं. पुढे जाळी, मागे रेटा. ९७ बळी. त्यातला शेवटचा जखमी २०२१ साली गेला.

आपलंच एक गणित करून बघा. त्याच मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं बाहेर पडतात असं धरलं आहे, जिन्यावर ६६. समजा आपल्या मैदानाभोवती ८०० जण आहेत आणि उघडं गेट एकच, १.२ मीटर रुंद. १.२ × ८२ म्हणजे मिनिटाला ९८. सगळे बाहेर पडायला ८ मिनिटं. दुसरं तेवढंच गेट उघडलं की ४ मिनिटं. एका कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, हा प्रश्न किती मोठा आहे बघा!

बदनामी कशी होते?

हिल्सबरोची खरी शिकवण यापुढे आहे. दुर्घटना झाल्यावर पोलिसांनी दोष टाकला तो प्रेक्षकांवर. ‘दारू पिऊन आले, तिकीट नसताना घुसले.’ एका मोठ्या वर्तमानपत्राने तर प्रेतांचे खिसे कापल्याचे आरोप पहिल्या पानावर छापले. लोकांनी विश्वास ठेवला. का? कारण चारच वर्षांपूर्वी हेसेल झालेलं होतं. फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे गुंड हे आधीच ठरलेलं होतं!

१९८९ च्या आपल्या अंतरिम अहवालात न्यायमूर्ती टेलर यांनी मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणाला दिला. तरी डाग पूर्ण पुसला जायला २०१२ चा स्वतंत्र समितीचा अहवाल आणि २०१६ चा ज्यूरीचा निकाल यावा लागला. प्रेक्षकांची चूक नव्हती, हे सिद्ध व्हायला २७ वर्षं. मेलेल्या मुलांच्या आईबापांनी ती २७ वर्षं ‘तुमची मुलं दारुडी होती’ हे ऐकत काढली. एखाद्या गटाला आधीच बदनाम करून ठेवलं की असं होतं. मग कुणी तपासत नाही, कुणी गेटची रुंदी मोजत नाही.

चांगल्या वागण्याच्या बातम्या मात्र कधी मोठ्या होत नाहीत. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये जपान बेल्जियमकडून शेवटच्या क्षणी २-३ असा हरला, तरी जपानी प्रेक्षकांनी गॅलरीतला कचरा गोळा केला आणि मगच गेले. १८ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्यात आरजी कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर ड्युरँड कपचा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना रद्द केला गेला, तेव्हा दोन्ही क्लबांचे समर्थक आणि त्यांच्या जोडीला मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही लोक एकत्र रस्त्यावर आले आणि न्यायाची मागणी केली. शंभर वर्षांचं वैर एका दुपारी खांद्याला खांदा लावून उभं राहिलं!

मग उपाय काय?

२००४ साली पोर्तुगालमध्ये युरो कप होता. इंग्लंडचे समर्थक येणार म्हणून सगळे धास्तावलेले. ज्या शहरांत सामने होते तिथल्या पोलिसांनी वेगळाच मार्ग धरला. ढाली-हेल्मेटवाली तुकडी नजरेआड ठेवली. साध्या गणवेशातले पोलीस जोडीजोडीने लोकांत फिरले, हसून बोलले, रस्ता सांगितला. एखादा खरंच त्रास देऊ लागला तर फक्त त्यालाच बाजूला केलं, सगळ्या घोळक्यावर लाठी उगारली नाही. सामन्यांच्या शहरांत जवळजवळ काहीच गडबड झाली नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या अल्बुफेरा गावात मात्र दुसऱ्या पोलीस दलाची पद्धत वेगळी होती आणि तिथे दंगे झाले. देश तोच, समर्थक त्याच देशाचे, फरक वागणुकीचा! सगळ्यांना गुंड समजलं की शांत माणूसही गुंडाच्या बाजूला ढकलला जातो. नीट वागवलं की शांत माणसंच गुंडाला ‘ए, गप बस’ म्हणतात.

आपण तारापूरच्या शेजारी राहतो, म्हणून आपल्याला जवळचं उदाहरण देते. अणुभट्टीत एका विखंडनातून सुटलेल्या न्यूट्रॉनमुळे सरासरी किती नवी विखंडनं होतात यावर सगळं अवलंबून असतं. ती संख्या एकाच्या वर गेली की साखळी वाढत जाते, एकाच्या खाली ठेवली की विझते. गर्दीतल्या पहिल्या दगडाचंही तसंच. एक दगड बघून दोघांनी उचलला की संपलं. एक दगड बघून शेजारच्याने हात धरला की प्रकरण तिथेच विझतं. भट्टी बंद करणं हा एक उपाय आहेच, पण मग वीजही मिळत नाही! कंट्रोल रॉड हवेत. आपल्या फायनलसाठी ते कोणते असू शकतील?

१. मैदानाची किमान दोन गेट पूर्ण वेळ उघडी आणि प्रत्येकाजवळ किल्ली असलेला एक माणूस.
२. दोन ब्रँचचे समर्थक समोरासमोरच्या बाजूंना. मध्ये दोरी आणि दोन्ही ब्रँचचे मिळून स्वयंसेवक. फक्त सिक्युरिटीवाले काका नकोत. आपलाच सिनियर ‘बस रे’ म्हणाला की जास्त ऐकलं जातं.
३. पंच बाहेरचा आणि नियम आधी वाचून दाखवलेले. एका शिट्टीचं वजन फार असतं, तेव्हा ती शिट्टी निःपक्ष आहे यावर आधीच विश्वास हवा.
४. घोषणा, ढोल, झेंडे खुशाल. आई-बहिणीवरून आणि जातीवरून घोषणा आली की सामना थांबवायचा, दोन्ही कॅप्टननी माइकवर बोलायचं, मगच पुन्हा सुरू.
५. कुणी गडबड केली तर शिक्षा त्याला. त्याच्या पूर्ण ब्रँचला किंवा पूर्ण विंगला नाही. नाहीतर ‘आम्ही’ आणखी घट्ट होतो.
६. मैदान लावणं, रेषा मारणं, नंतर कचरा उचलणं ही कामं दोन्ही संघांनी मिळून. शेरीफचा ट्रक इथे ओढायचा!
७. छोटी बाचाबाची झाली तरी तिची नोंद. एमआयडीसीत इन-प्लांट ट्रेनिंगला गेलेल्यांना ‘निअर मिस’ माहीत आहे. अपघात होता होता राहिला की तो लिहून ठेवायचा, लपवायचा नाही.

सर-मॅडमना एक विनंती. सामना बंद करणं सगळ्यात सोपं आहे, पण त्याने दोन विंगमधलं वैर बंद होत नाही. ते मेसमध्ये, जिन्यावर, रात्री दोन वाजता बाहेर येतं, जिथे ना पंच असतो ना दोरी. मैदानावर निदान नियम असतात.

आणि मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणं. गर्दीतला दगड कधीच ‘गर्दी’ मारत नाही. तो एका हातातून सुटतो आणि एका डोक्यावर बसतो. ते डोकं समोरच्या ब्रँचचं असेल, नाहीतर रहीम नबीसारखं आपल्याच संघाचं असेल. ज्या ‘आपली पेठ’ या भावनेने कोल्हापूरच्या पोरांनी पुरात लोकांना हात दिला, ती भावना वाईट नाही, ती तर हवीच. तिच्या हातात दगड द्यायचा की दोरी, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.

तेव्हा फायनलला जरूर या. घसा बसेपर्यंत ओरडा. फक्त येताना गेट कुठे आहे ते बघून ठेवा आणि जाताना शेजारच्याचा हात धरून जा, मग तो कुठल्याही ब्रँचचा असो!